कोकराएवढी जागा

बाप क्रास्नोयार्स्कला, विटा चढवायला.
पैसे यायचे, तो यायचा नाही.
म्हणून नमाज मला आईनं शिकवला,
नारीनच्या वरच्या अंगाला, चुलीशेजारच्या शिरदाकवर,
कणकेचे हात पुसून.

हात खांद्यापर्यंत. त्याच्या वर नाही.
मग छातीवर, उजवा डाव्यावर,
जणू आत कुणी झोपलंय.
रुकूत वाकायचं ते बेताचं.
सजद्यात पोट मांड्यांना, कोपरं बरगड्यांना,
सगळं अंग मुडपून मुठीएवढं.
बसताना दोन्ही पाय उजवीकडून बाहेर,
शेकोटीपुढे बसतात तसं.

ती तिच्या आजीकडून शिकलेली,
कोठीत, पिठाचं पोतं आणि भिंत यांच्या मध्ये,
ज्या काळी अंगणात बूट वाजले
की नमाज तिथंच थांबायचा
आणि आजी पीठ चाळू लागायची.
त्यात नियम किती आणि कोठीचा अरुंदपणा किती,
हे आईला कधी वेगळं करता आलं नाही.

मी नऊ वर्षांचा. पत्र्याच्या घुमटाची मशीद नवी.
शुक्रवारी शेवटच्या ओळीत उभा राहिलो.
सगळ्यांचे हात कानांच्या पाळ्यांपर्यंत गेले,
माझे खांद्यांवरून परतले.
सगळ्यांचे बेंबीखाली, माझे छातीवर.
शेजारचा तालान्त फिसकन हसला
आणि ते हसू ओळीतून पळालं,
वाळल्या गवतातल्या उंदरासारखं.

जुमाकादिर मोल्दोनं मला थांबवून घेतलं.
रागावला नाही. नाक शिंकरलं, टोपी नीट केली.
"सजदा कर बघू."
केला. त्यानं माझी कोपरं धरून
दोन्हीकडे उचलली, जमिनीपासून सुटी.
"काखेखाली इतकी जागा ठेव
की कोकरू पलीकडे निघून जाईल."
"कुणाचं?" मी तसाच, कपाळ खाली टेकलेलं.
"कुणाचंही," तो म्हणाला.

घरी येऊन ओरडलो,
"बायकांचा शिकवलास तू मला!"
आई हसली, पिठाचा हात तोंडावर,
मग गालावर ती पाच बोटं तशीच.
"अंग एकच होतं माझ्याकडे,
त्यातलंच दिलं.
दाखव, त्यांचा कसा असतो."
दाखवला. पाठ सपाट, कोपरं पंखांसारखी,
उजवं पाऊल उभं, डाव्यावर बैठक.
ती खूप वेळ बघत राहिली.
"तुझा बाप असाच बसायचा," म्हणाली
आणि केटली भरायला गेली. ती भरलेलीच होती.

पुढं तीस वर्षं तसाच पढलो.
पुढच्या ओळीत, खांद्याला खांदा,
आणि काखेखालून रोज
एक कोकरू, कुणाचंही, निघून जायचं.

फेब्रुवारीत आई गेली.
जमीन इतकी गोठलेली
की आधी टायर जाळले, मग कुदळी लागल्या.
जनाज्याच्या नमाजात रुकू नसतो, सजदा नसतो,
नुसतं उभं राहायचं.
आम्ही पुरुष ओळीनं उभे, काळ्या धुरात.
बायका घरात, तिच्या पेटीभोवती.
मी नीट उभा राहिलो.
हात जिथं हवेत तिथं होते.

रात्री पाहुणे झोपले.
चुलीशेजारी तिच्याच शिरदाकवर उभा राहिलो,
मेंढीच्या शिंगांची ती नक्षी
मधोमध, गुडघ्यांच्या जागी, झिजलेली.
हात वर नेले, ते खांद्यांपाशी थांबले.
छातीवर आले.
सजद्यात पोट मांड्यांना टेकलं,
कोपरं आपली आपण बरगड्यांशी येऊन बसली.
मोल्दो आता हयात नाही.
असता, तर त्यानं ती धरून उचलली असती का,
ठाऊक नाही.

जागाच उरली नव्हती काखेखाली.
कोकरू आलं ते अडकलं,
जरा धडपडलं, मग
तिथंच अंग टाकून बसलं, उबेला.
मी उठायला उशीर केला.